टॅन्सीनं तोंड उघडलं

हॅना टॅलंटायर बाजाराला गेली आणि जाताना आपलं टॅन्सी नावाचं लर्चर जातीचं शिकारी पिल्लू शेजारच्या विल्फ बीडलकडे ठेवून गेली. सूचना मोजकीच होती. अंगणात ठेव, दूध-पाव घाल, बाहेर काढू नकोस.

विल्फ गावातले जोडे दुरुस्त करायचा आणि ते करता करता गिऱ्हाइकाशी बोलायचा. बोलणं लवकर संपत नसे, म्हणून जोडेही लवकर मिळत नसत. मनानं मात्र लोण्याहून मऊ. दुपारी त्याला पिल्लाची दया आली. बाहेर छान ऊन पडलेलं, त्याचा स्वतःचा टेरियर, बटन, दाराशी नाचतोय, आणि ही लांब तंगड्यांची टॅन्सी बिचारी कोपऱ्यात तोंड पाडून बसलेली.

“चल गं, भिंतीपर्यंतच,” असं म्हणत त्यानं दोघांना बाहेर काढलं.

भिंतीपलीकडे ससा उठला. बटन केकाटत सुटला, त्याच्यामागे टॅन्सी. ससा बिळात शिरला. बटन बिळाच्या तोंडाशी घसा फोडून ओरडत राहिला. टॅन्सीनं त्याच्याकडे नीट पाहिलं, मान तिरकी केली, आणि जन्मात पहिल्यांदा भुंकली. मग आवडलं म्हणून पुन्हा भुंकली.

विल्फनं धावत जाऊन तिचं तोंड हातानं दाबून धरलं.

दुसरं कुठलंही कुत्रं भुंकलं म्हणजे आपलं काम करतं. लर्चर भुंकला म्हणजे काम संपलं. अर्धं रक्त शर्यतीच्या कुत्र्याचं, अर्धं धनगरी कुत्र्याचं; अशा जनावरानं सशामागे सावलीसारखं गप्प पळायचं असतं. त्यानं एकदा आवाज काढला की उतारावरचे सगळे ससे जमिनीखाली जातात आणि संध्याकाळपर्यंत वर येत नाहीत. उत्तर इंग्लंडातल्या या टीसडेलच्या खोऱ्यात अशा कुत्र्याबद्दल ‘त्यानं तोंड उघडलं’ असं म्हणतात, तेही आवाज खाली करून, घरात कुणी आजारी असल्यासारखं. आणि कोवळ्या वयात, टेरियरच्या संगतीत उघडलेलं तोंड सहसा मिटत नाही.

हॅना परत आली तेव्हा विल्फनं पिल्लाचे पाय पुसले होते, दूध-पाव घातला होता आणि चेहऱ्यावर निष्पापपणा आणून ठेवला होता. तिनं टोपली खाली ठेवली. टॅन्सीच्या नाकावर काट्याचा ओरखडा होता, तो तिनं अंगठ्यानं चाचपला.

“बाहेर काढलीस.”

“जरा पाय मोकळे व्हावेत म्हणून, हॅना. अगं, ऊन इतकं—”

“बटन होता?”

“होता. म्हणजे तो काय, आपला असतोच.”

“भुंकली?”

गावात सगळ्यात जास्त बोलणारा माणूस दूध-पावाची रिकामी वाटी पुसायला लागला. हॅनानं पिल्लाला दोरी लावली, घरी गेली आणि दार हळूच लावून घेतलं. तिनं ते आपटलं असतं तर विल्फला बरं वाटलं असतं.

कारण त्या पिल्लावर काय टांगलेलं आहे ते त्याला पुरतं ठाऊक होतं. हॅनाचा बाप ससे धरायचा. नवराही धरायचा, तो दगडाच्या खाणीत अपघातात गेला, त्यानंतर जाळी तिनं उचलली. सुरुवातीला लोक हसले. मग जर्मनांशी दुसरी लढाई आली, मांसाला रेशन लागलं, आणि खाटकाच्या दुकानात हॅनाचे ससे टांगलेले दिसले की हसणारेच रांगेत पुढे उभे राहू लागले. लढाई संपली तरी रेशन संपलं नव्हतं. तिचे सगळे ससे यायचे मेंढ्या पाळणाऱ्या आयझॅक कोट्सवर्थच्या डोंगरउतारावरून. गेल्या हिवाळ्यात तिची म्हातारी कुत्री मेली तेव्हा कोट्सवर्थनं स्पष्टच सांगितलं होतं, “बाई, ससे माझं गवत खातायत. ऑक्टोबरात नवी कुत्री आणून दाखवा. काम जमलं तर ससे धरायला उतार तुमचा. नाही तर जॉस पियर्ट लोखंडी सापळे घेऊन तयारच आहे.”

उतार गेला तर हॅनाला डार्लिंग्टन शहरात नणंदेच्या खाणावळीत भांडी घासायला जावं लागणार होतं. त्या नणंदेला एकदा भेटलेला माणूसही हॅनासाठी देवाची प्रार्थना केल्यावाचून राहिला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्फच्या दारावर थाप पडली.

“बटनला आत कोंड,” हॅना म्हणाली. “आणि चल. जाळी तू उचलायचीस.”

“मी? मग दुकान?”

“तुझ्याकडून जोडे तसेही कुणाला वेळेवर मिळतात?”

तेव्हापासून शिकवणी सुरू झाली, दोघांचीही. टॅन्सीला फेरेटच्या पिंजऱ्याशेजारी झोपवलं, म्हणजे ससे हुसकायला बिळात सोडायचं ते मुंगसासारखं लांबोडकं पांढरं जनावर घरचं आहे हे तिच्या नाकाला कळावं. फेरेटनं एकदा तिचा ओठ धरून ठेवला, त्यानंतर तिनं त्याला फार मान दिला. मेंढ्यांमागे लागू नये म्हणून हॅनानं तिची दोरी स्वतःच्या कमरेला बांधली आणि कळपातून तिला चालवत राहिली, पावसातही. एका एडक्यानं टॅन्सीला चिखलात उताणी पाडलं, तेव्हा हॅना जन्मात एखाद वेळी हसते तशी हसली.

भुंकण्यावर मात्र तिच्याकडे एकच उपाय होता. भिंतीच्या खिंडाराशी बसायचं. समोर ससे चरतायत, पिल्लाच्या गळ्यात दोरी, आणि सोडायचं नाही. नुसतं बसायचं. टॅन्सी थरथरायची, घशात काहीतरी वर यायचं. ते वर आलं की हॅना उठून तिला घरी घेऊन जायची. मार नाही, ओरडा नाही. आवाज आला की मजा संपली, एवढंच.

“अगं, पण कधीतरी पळू दे की तिला,” विल्फ एकदा म्हणाला. समोरचे ससे पसार झाले.

हॅना उठली. पिल्लू उठलं. त्या दिवशीची बैठक विल्फच्या तोंडानं संपली होती. टॅन्सीनं घरी जाताना त्याच्याकडे असं पाहिलं की तो आठवडाभर दुकानातही कुजबुजत बोलला.

उन्हाळ्याच्या शेवटी पिल्लू गप्प बसायला शिकलं. पण बसून गप्प राहणं वेगळं आणि ससा पुढे असताना, रक्त पेटलेलं असताना गप्प राहणं वेगळं. हॅनानं तिला काही वेळा मोकळं पळवलं. कधी गप्प पळाली. कधी नाही.

“काय होईल गं?” विल्फनं विचारलं.

“बघू,” हॅना म्हणाली. पण त्या रात्री तिच्या घरातून सामान आवरल्यासारखे आवाज येत होते, आणि विल्फला झोप लागली नाही.

ऑक्टोबरात, ठरल्या दिवशी उतारावर वारा पिसाळला होता. कोट्सवर्थ काठीवर हनुवटी टेकून भिंतीशी उभा होता. त्याच्या शेजारी जॉस पियर्ट, आपलंच शेत असल्यासारखा पाय फाकवून.

“विल्फ, कुत्रीला जोडे शिवलेस की नाही?” जॉसनं ओरडून विचारलं. विल्फकडे उत्तर तयार होतं, चांगलं होतं, आणि त्यानं ते गिळलं.

हॅनानं टॅन्सीला बिळांवरून फिरवलं. एका ठिकाणी ती थांबली, पाय उचलून, कान खाली लावून. आत ससे आहेत. विल्फनं प्रत्येक भोकावर जाळी अंथरली, खुंट्या दाबल्या. हॅनानं फेरेट आत सोडला.

जमिनीखाली धडधड झाली. एक ससा जाळीत येऊन गुरफटला. टॅन्सी हलली नाही. दुसरा आला. ती हलली नाही. तेवढ्यात तिसरा ससा भलतीकडूनच बाहेर पडला. गवतात दडलेलं एक भोक विल्फच्या नजरेतून सुटलं होतं.

हॅनानं दोरी सोडली.

ससा थेट उतारावर चरणाऱ्या मेंढ्यांच्या कळपात घुसला. कळप फुटला. मेंढ्या चहूकडे उधळल्या, एक तर टॅन्सीच्या नाकासमोरून लोकर उडवत धावली. कोवळ्या कुत्र्याचं डोकं फिरायला एवढं पुरे. विल्फनं टोपी तोंडात धरली. टॅन्सी मेंढीच्या मागच्या पायांना वळसा घालून गेली, जमिनीला पोट लावून, गप्प. ससा भिंतीकडे. टॅन्सी त्याच्यावर आलीच होती, इतक्यात तो जागच्या जागी वळला, तिचे दात हवेत मिटले, आणि तिच्या घशातून आवाज निघाला.

एकच. बारीकसा.

पुढच्या वळणावर तिनं ससा धरला. मान वर करून, जिवंत, केसालाही धक्का न लावता तिनं तो आणून हॅनाच्या हातात दिला.

विल्फनं भिंतीकडे पाहिलं. जॉस वाऱ्याकडे पाठ करून पाइप पेटवत होता. कोट्सवर्थची नजर दुसरीकडेच होती.

“कुणी ऐकलं नाही,” विल्फ हॅनाच्या कानाशी पुटपुटला. “वारा आपल्या बाजूचा आहे. हॅना, गप्प राहा. देवाशपथ, आज तरी.”

हॅनानं सशाची मान मोडली, तो पिशवीत टाकला आणि सरळ भिंतीकडे चालत गेली.

“मिस्टर कोट्सवर्थ, तुम्ही ऐकलंत की नाही ठाऊक नाही. शेवटी ती भुंकली.”

“बघा!” जॉसच्या हातातली काडी विझली. “आपल्याच तोंडानं सांगतेय! अशी कुत्री काय कामाची? निम्मे ससे खाली गेले असतील.”

उधळलेल्या मेंढ्या पुन्हा एकेक करून जमत होत्या, आणि कोट्सवर्थ त्या मोजत होता. विल्फला वाटलं, आपण आता इथेच मरणार.

“भुंकली तर भुंकली,” अखेर म्हातारा म्हणाला. “त्यानं दोन-चार ससे हुकतील बाई, तेवढं गवत मला परवडेल. मी काही कुत्रीचं गाणं ऐकायला आलो नव्हतो. मेंढ्यांकडे बघत होतो. माझ्या मेंढ्या गाभण राहायच्या दिवसांत इथं कुत्रं फिरणार, ते त्यांच्यामागे लागायला नको.” त्यानं टॅन्सीकडे काठी केली. “मेंढी नाकाला घासून गेली, पण हिनं मान वळवली नाही. हा हंगाम उतार तुमचा. वर्षानं पुन्हा बघेन.”

“बघा,” हॅना म्हणाली, आणि जाळी गोळा करायला मागे फिरली.

उतरताना जाळ्यांचं ओझं विल्फच्या खांद्यावर, टॅन्सी दोघांच्या मधून चाललेली. गावाची धुरांडी दिसेपर्यंत त्यानं कसंबसं स्वतःला आवरलं. मग मात्र त्याचा बांध फुटला.

“पण तू सांगितलंस कशाला? त्याला पत्ताही नव्हता! अगं, तुझं घर, तुझी चूल, सगळं त्या एका भुंकण्यावर होतं. उतार गेला असता तर?”

हॅनानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“तर गेला असता.”