पोत्यांच्या पुढं पाच पावलं

सन १९७३. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, पण डोळा पक्का. आमच्या भागातल्या जत्रांत बैलगाड्यांच्या शर्यती लागायच्या आणि झेंडा पंच मी असायचो. दोन गाडे नाकाला नाक लावून आले तरी पुढं कोण ते मी सांगायचो, आणि ज्यांचे बैल हरले तेही मुकाट जू सोडायचे. घोडेगावच्या बाजारात अनोळखी माणूस थांबवून तंबाखू द्यायचा, तो त्या झेंड्यापायी. सात वर्षांत माझा झेंडा कुणी परतवला नव्हता. मिरवायला माझ्याकडं तेवढंच होतं.

आमचा माळ सपाट, दगड वेचलेला. तिथं नगरचे एक मास्तर दर रविवारी मोटारसायकलवर यायचे. तंत्रशाळेत शिकवायचे. मागं पेटी बांधलेली, पेटीत विमान. हलक्या लाकडाचं, दोन हातांच्या पंखांचं. हातातल्या डब्यावरच्या दांड्या हलवून ते त्याला आभाळात फिरवायचे. आवाज असा की म्हशी दावं तोडायच्या. दोन वर्षं मी त्यांची पेटी उचलली, विमान कुसळांत पडलं की शोधून आणलं, आणि दुपारी ते आमच्या घरी भाकरी खायचे. मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय पंच," म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

त्या साली त्यांनी विमानांची शर्यत ठरवली. पुण्याचे, नाशिकचे विमानवाले येणार. माळावर तीन खांब रोवले, त्यांच्याभोवती दहा फेऱ्या. नियम मास्तरांनी मला ओसरीवर वाचून दाखवले, मी ऐकून पाठ केले. विमान खांबाच्या बाहेरूनच वळलं पाहिजे. आतून वळलं तर रस्ता चोरला. पंचानं झेंडा हलवायचा आणि त्या विमानाला एक फेरी जादा. माणसं दोराच्या मागं. खांबाजवळच्या पंचानं डोक्याला लोखंडी टोप घालून वाळूच्या पोत्यांमागं बसायचं. "वजनाला कोंबडीएवढं," मास्तर म्हणाले, "पण त्या वेगानं कपाळात बसलं तर माणूस उठायचा नाही." लांबचा खांब मला दिला. चोरी तिथंच होते, म्हणाले, तिथं तुम्हीच पाहिजे.

आदल्या दिवशी आम्ही दोघांनी पोती रचली. मागं बसून बघतो तर खांब तिरका दिसत होता. पंच रेषेत नसला तर त्याचा डोळा फुकट. गाड्याला खरं तेच विमानाला खरं.

"मास्तर, पोती हलवावी लागत्याल. हितनं आत-बाहेर कळायचं न्हाई."

मास्तर घामाघूम झाले होते. "आता कोण हलवणार, पंच? उद्या पोत्यांच्या पुढं पाच पावलं या. तिथून दिसतंय ना?"

"दिसतंय. पर नेमात बसत न्हाई."

"मी आहे ना."

असं म्हटल्यावर पुढं काय बोलायचं. टोप घालून उभा राहीन म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव दोरामागं. शेवटची शर्यत राहिली ती मास्तरांच्या पिवळ्या विमानाची आणि एका पुण्याच्या चष्मेवाल्याच्या लाल विमानाची. नऊ फेऱ्या लाल पुढं होतं. दहाव्या फेरीला पिवळं खाली आलं, इतकं की माझ्या टोपावरून वारं गेलं, आणि खांबाच्या आतून वळलं. थोडंथोडकं आत नव्हे, मधून बैलजोडी जाईल एवढं. भाकरी कुणी कुणाची खाल्ली हे माझा हात विचारत नाही. मी झेंडा हलवला. पिवळं पहिलं पोचलं, आणि जादा फेरी न मारताच मास्तरांनी ते उतरवलं.

मेजावर मोठे पंच म्हणून एक निवृत्त फौजी साहेब बसले होते. त्यांनी मला बोलावलं.

"झेंडा कशाचा?"

"पिवळं आतनं गेलं, साहेब."

मास्तर पुढं आले. माझ्याकडं बघितलं नाही. "साहेब, हा माणूस पोत्यांच्या बाहेर उभा होता. सगळ्यांनी पाहिलंय. पोती सोडून उभ्या राहिलेल्याचा झेंडा नियमात धरत नाहीत."

साहेबांनी कागद चाळला. नियम होता. "कुणी सांगितलं रे तुला बाहेर उभं राहायला?"

मी मास्तरांकडं बघत थांबलो. ज्याचं त्यानं सांगावं. मास्तर म्हणाले, "खेड्यातली माणसं, साहेब. किती समजावलं तरी ऐकत नाहीत."

दोन वर्षं मास्तरांच्या तोंडी मी पंच होतो, मेजापुढं 'हा माणूस' झालो. मास्तरांनीच सांगितलं, असं मी म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. माझ्या झेंड्याला दुसऱ्याची साक्ष लागावी, हे मला तेव्हा जमलं नाही, आजही जमत नाही. दोरामागून आमच्याच गावचा एकजण बोलला, "पंच, विमानाला शेपूट धरायला घावली न्हाई व्हय?" लोक हसले. बक्षिसाची ढाल मास्तरांना मिळाली. चष्मेवाला गुपचूप आपलं विमान पुसत बसला.

दिवस मावळायच्या आत मास्तर पेटी न्यायला घरी आले. ढाल पंच्यात गुंडाळलेली. नेहमीसारखे ओसरीवर टेकले. "पंच, चहा सांगा."

"चहा न्हाई आज."

"रागावलात? अहो, नियम तो नियम."

"नेम ऱ्हाऊ द्या. विमान आतनं गेलं का न्हाई, तेवढं बोला."

त्यांनी पेटीचा पट्टा दोनदा आवळला. "गेलं."

"मग थितं बोलायचं हुतं."

"तिथं बोललो असतो तर ढाल गेली असती, पंच."

आत चुलीपाशी बायकोनं ऐकलं. तिच्याशिवाय कुणी ऐकलं नाही. मास्तर गेले ते गेले. पुढच्या जत्रेला मला झेंडा धरायला बोलावणं आलं, मी नाही म्हणून कळवलं. परत धरला नाही.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गुरांना वैरण टाकून, मी एकटाच माळावर गेलो. लांबच्या खांबापाशी पोती होती तशीच होती, बाजूला लोखंडी टोप पडलेला. मी एकेक पोतं खांद्यावर घेतलं आणि पाच पावलं पुढं, जिथं उभा होतो तिथं नेऊन रचलं. सोळा पोती. न्याहारीच्या आत काम झालं. मग टोप डोक्यावर घातला, पोत्यांमागं बसलो आणि बघितलं. खांब बुडापासून शेंड्यापर्यंत सरळ रेषेत दिसत होता.