न विचारता केलेला गणपती

रत्नागिरीत आमच्या घराच्या मागच्या पडवीत गणपतीची शाळा आहे. गणपती घडवायच्या जागेला आम्ही शाळाच म्हणतो. माझ्याआधी तिथे वडील बसायचे. मला माणसं पेंटर म्हणतात, कारण एरवी वर्षभर मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. फ्लेक्स आला आणि ते काम गेलं. फ्लेक्सला मी भरपूर शिव्या घातल्या, पण मनात म्हणायचो, गणपती काही कोणी मशीनमधून काढणार नाही. एवढा शहाणा मी.

शाळेची एक रीत आहे. प्रत्येक घराचा आपला लाकडी पाट असतो आणि त्या घराची मूर्ती त्याच पाटावर घडवायची. जवळची माणसं पावसाळ्यात पाट आणून देतात. लांबची माणसं विसर्जन झालं की रिकामा पाट परत माझ्याकडेच ठेवून जातात. पाट शाळेत आहे म्हणजे गणपती माझ्याकडून, त्यात बोलण्यासारखं काही नसतं. यंदा नेणार ना, असं मूर्तिकाराने विचारायचं नाही, त्या घराला ते लागतं. आणि यंदा नको, हे सांगायला त्यांची जीभ रेटत नाही.

यंदा पाट कमीच आले. जे आले त्यातल्या काहींनी फोन पुढे करून कॉम्प्युटरने बनवलेली चित्रं दाखवली. पिळदार दंडांचे, पहिलवानासारखे गणपती. तोंड वाकडं करत का होईना, मी ते करून दिले. पोटापुढे काय करणार? हातखंब्याच्या पुढच्या एका गावातल्या घराचा पाट मात्र भिंतीला टेकून उभा होता. वडिलांच्या वेळेपासूनचं हे घर. घरधनी वारलेले, मुलगा मुंबईला नोकरीत, गावी शेती त्यांची बायको, आमच्या वहिनी, बघतात. त्यांचा गणपती मी सगळ्यांच्या आधी करायला घेतला.

हरतालिकेच्या दुपारपर्यंत शाळा रिकामी झाली आणि ती एकच मूर्ती उरली. बायको म्हणाली, एक फोन करून बघा. मी तिच्यावर खेकसलो. गाडी मिळाली नसेल त्यांना, म्हटलं, आणि रिक्षा बोलावली. मूर्ती मांडीवर घेतली, तिच्या तोंडावर रुमाल टाकला आणि निघालो. जुनी घरं अशीच सांभाळावी लागतात, असं रिक्षावाल्याला वाटभर ऐकवत होतो.

वहिनी ओटीवर दूर्वा निवडत बसल्या होत्या. मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या मागे मखर सजलं होतं आणि मखरात गणपती होता.

मी पायरीवर मूर्ती घेऊन उभा. शेजारची माणसं कुंपणापाशी येऊन बघायला लागली. बोलावणं नसताना जेवायला आलेल्या माणसासारखं झालं माझं. मागे फिरावं तर रिक्षावाला तिथेच, सगळं बघत होता.

"पोरानं मुंबयसून मागवलान," वहिनी म्हणाल्या. "तुमाला कसा सांगायचा तेच कलत नव्हता."

मुलगा आतून आला. चांगला मुलगा आहे, त्याने लगेच माझ्या हातातली मूर्ती घेतली आणि ओटीवर मखराजवळ ठेवली. मुंबईला एक कंपनी आहे म्हणे. त्यांना जुने फोटो पाठवायचे, त्यावरून कॉम्प्युटर साचा तयार करतो, मूर्ती कागदाच्या लगद्याची होते आणि रंगून घरपोच येते. त्याचे वडील गेले त्याच्या आदल्या वर्षीच्या गणपतीचे फोटो त्याने पाठवले होते. सांगता सांगता त्याने मखरातल्या मूर्तीवरचा रुमाल बाजूला केला.

तो माझाच गणपती होता. सोंडेचा बाक माझा, कानाची पाळी माझी. डोळ्यांची आखणी तर अशी माझी की मला क्षणभर आनंदच झाला. मग मी नको तो शहाणपणा केला आणि आणलेल्या मूर्तीवरचाही रुमाल काढला. दोन्ही शेजारी शेजारी दिसल्यावर मला कळलं. यंदाच्या मूर्तीची नजर दोन वाटांना फाकली होती. पापणीची रेघ तुटून पुन्हा जोडलेली होती. हात थरथरतो हे मला ठाऊक होतं, पण रंग चढला की कोणाला दिसत नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

"तुमच्याकडेच सांगणार होतो काका," मुलगा म्हणाला. "पण गेली दोन वर्षं डोळे जरा..."

म्हणजे त्यांना दोन वर्षं दिसत होतं. दोन वर्षं ही माणसं त्या तिरक्या नजरेपुढे आरती म्हणाली, आणि मला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं.

वहिनी म्हणाल्या, दोन्ही बसवूया. मी नको म्हटलं. मखरातलाच बसवा, तोच चांगला आहे, हे मी माझ्या तोंडाने सांगितलं. एवढ्यावर मी निघायला हवं होतं. इथपर्यंत माझी थोडी तरी अब्रू शिल्लक होती. पण शाळा वर्षभर रिकामी असणार, आणि घरी जाऊन बायकोला काय सांगणार, हे डोक्यात फिरत होतं.

"त्या कंपनीत डोळे आखायला माणूस लागत असेल ना?" मी विचारलं. "बघ ना जरा विचारून माझ्यासाठी."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मुलाने आधी माझ्या मूर्तीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"विचारतो काका," तो म्हणाला. "नक्की विचारतो."

तो विचारणार नाही हे मला कळत होतं. तरी मी त्याला माझा नंबर दोनदा सांगितला.