मावसाजी आणि टोकाचा नळ

आमच्या मावसाजींइतका पाण्यावर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडणार नाही. पुसदला जन्मभर कारकुनी करून ते ढाणकीजवळच्या आपल्या गावी राहायला आले आणि गावच्या पाणी समितीचे बिनपगारी सचिव झाले. तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी क्लोरिन तपासायची काचेची नळी असे. कुणी पाण्याचा गडवा पुढे केला की आधी त्यातलं पाणी नळीत घ्यायचे, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग दिसला तरच घोट घ्यायचे. माझ्या लग्नात तर ते पंगतीतून नळी उंचावून फिरले. व्याह्यांना वाटलं, पाहुणे डॉक्टर आहेत, म्हणून त्यांनी आपली गुडघेदुखी सांगितली. मावसाजींनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि पाणी उकळून प्यायला सांगितलं.

मावशी गेल्यावर हा नाद वाढला. मूलबाळ नव्हतं. पाणीपट्टी मागायला ते घरोघर जात, पण तो विषय अगदी शेवटी, चपला घालताना काढत. तोवर चहा होई, सासवांची गाऱ्हाणी होत, सुनांचीही होत. लोक म्हणत, यांना वसुली नको, बोलायला माणूस हवं. ते खोटं नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात बिल थकलं आणि विहिरीवरच्या मोटारीची वीज तोडली गेली. मावसाजी यादी घेऊन निघाले. बहुतेक थकबाकी गावाच्या टोकाला असलेल्या तांड्यावर होती. तिथं एका म्हाताऱ्या बंजारा बाईनं, सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणतात, त्यांना आपल्या दारातला नळ दाखवला. नळाच्या तोंडात कोळ्याचं जाळं होतं.

"लाइन होती तवाबी याच्यात पानी नोयतं," ती म्हणाली. "कायचे पैसे मागता?"

 मावसाजींनी यादी घडी करून खिशात घातली आणि शब्द दिला, की यापुढं पाणी पहिलं तांड्याला, मग गावाला. त्या शब्दावर तांड्यानं पट्टी भरली, वीज आली, आणि मावसाजींनी खरोखरच तांड्याचा व्हॉल्व्ह आधी उघडायला सुरुवात केली. त्यामुळं त्यांच्या स्वतःच्या गल्लीत धार बारीक झाली. शेजाऱ्यांनी बोलणं सोडलं. चहाची घरं एकेक करून बंद झाली. सचिवपद मात्र कुणी काढून घेतलं नाही, कारण फुकटचं काम दुसऱ्या कुणाला नको होतं. तांड्याला त्यांची किंमत होती. पण दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जातो आणि दारांना कुलपं लागतात.

अशाच दिवसांत मी त्यांना भेटायला गेले आणि आमच्याकडेच राहायला चला म्हटलं. त्यांनी विषय पाण्यावर नेला. मी निघाले तेव्हा त्यांनी माझ्या पिशवीचा बंद धरला.

"आजच कायले जाऊन राह्यली, बाई? उद्या सकाळी पानी सोडाचं हाये. थे पाहून जाय."

मी थांबले. सकाळी व्हॉल्व्ह फिरवून आम्ही तांड्यावर गेलो. सगळीकडे कुलपं होती. ऊस तोडायचं वय उलटलेली याडी तेवढी मागे राहिली होती. तिच्या नळानं आधी नुसती हवा सोडली, मग पाणी. तिनं कळशी लावली. ती भरेपर्यंत मावसाजी तिच्याशी बोलत राहिले, आणि भरल्यावरही.