शेवटच्या तारखेची वही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिच्या स्वाध्यायाच्या वहीच्या उरलेल्या पानांना समास आखणं. दिवेलागणीच्या आधी, ओट्यावर बसून. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण पट्टी धरायला तेवढी पुरते. बायको सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी झाली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी वाशीच्या कॉलेजात बी.ए.ला बसली. गाव लई खिदळलं. पहिला मीच बोललो होतो, "गवऱ्या मसणात गेल्या, आता मास्तरीण व्हतीस काय?" ते लपवणार नाही.

"रेघ वाकडी गेली बघा," ती म्हणाली.

"मग तू सरळ लिव्ह."

"परवा शेवटची तारीख हाय. वही दिली न्हाय तर परीक्षेला बसू देत न्हाईत."

रात्री जागून तिनं वही पुरी लिहिली, उशाशी ठेवली. सकाळी चहा ठेवता ठेवता ती छाती धरून खाली बसली. जीप येईपर्यंत संपली. पोरबाळ नाही, अग्नी मीच दिला.

मसणातून आलो तर थोरली भावजय अंगणात तिचं अंथरूण जाळायला गुंडाळत होती. वही त्यातच.

"वही काढा, वहिनी."

"मेल्या माणसाचं घरात ठेवू न्हाय, भावजी. ह्या पुस्तकांनीच खाल्लं तिला."

"पुस्तकांनी न्हाय, तुमच्या तोंडानं खाल्लं. बारावीचा पेढा खाता खाता काय बोललात, ध्यानात हाय माझ्या."

ती रडायला लागली. मी समजूत काढली नाही. गाठोडं सोडलं, पूर्ण लिहून झालेली वही काढून सदऱ्यात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय दारात आडवी आली. "सुतकात वेस ओलांडता? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी म्हणायचं काही शिल्लक ठेवलंय व्हय?"

मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घातली आणि पहिल्या एसटीनं वाशी गाठली. कॉलेजच्या खिडकीत वही ठेवली. क्लार्कनं तिच्यावरचं नाव वाचलं आणि वर न बघता सांगितलं, "विद्यार्थ्यानं स्वतः यायचं असतं, बाबा. आजींना पाठवा."

"काल जाळली तिला."

त्यानं मान वर केली आणि वही परत माझ्याकडं सरकवली. "मग आता हिचा काय उपयोग?"

उपयोग नाही, हे मलाही कळतं. पण तिनं वेळेत लिहिलं होतं. वही दिली नाही म्हणून तिच्या नावापुढं फुली मारायला मी ह्यांना देणार नव्हतो.

"तारीख आजचीच हाय न्हवं? घ्या मग."

मागं पोरं खोळंबली, कुरकुरली. मी खिडकी सोडली नाही. त्यानं शिक्का मारला.

"पोच द्या," मी म्हणालो.