पदर खांद्यावर टाकून

वृद्धाश्रमात मावशीला भेटायला सकाळीच गेले, तर तिच्या पलंगावर साड्यांचं दुकानच मांडलेलं. तिथे काम करणारे सुरेशभाऊ एकेक साडी झटक्यात उलगडत होते आणि पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून दाखवत होते. मावशी नाक मुरडायची, "दुसरी दाखवा." कपाटात साड्या मोजक्याच, त्याच ते पुन्हा उलगडायचे. मावशीच्या आता काही लक्षात राहत नाही, तिला प्रत्येक साडी नवीच.

"पूर्वी साडीच्या दुकानात होतो," ते मला म्हणाले. "दाखवायचा कधी कंटाळा नाही आला. पण मालक सांगायचे, शेवटचा पीस आहे म्हणा. अहो, मागे गठ्ठा पडलेला असायचा! ते काही जमेना."

नोकरी बदलायचा विचार कधीपासून माझ्या डोक्यात घोळतोय, आणि दरवेळी वाटतं, या वयात कोरी पाटी कुठून आणू? या माणसाला ती लागलीच नाही. तोच हात, तोच न आटणारा उत्साह घेऊन तो इथे आला. दुकानात ठेवून आला ते फक्त खोटं बोलणं.

अखेर मावशीने आमसुली साडीवर हात ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "महाग असेल गं."

सुरेशभाऊंनी अलगद तिच्या खांद्यावर पदर ठेवला.

"नाही मावशी," ते म्हणाले, "ही तुमचीच आहे."