शकूच्या हाताची मूठ

हमरापुरात गणपती करणारे चिक्कार. त्यातला जनू काय मोठा कारागीर नव्हता. मूर्ती बऱ्या व्हायच्या, खपायच्या. पण त्याची थोरली लेक शकू डोळ्यांची आखणी करायला बसली, की शेजारच्या कारखान्यातली माणसं हातातलं काम टाकून बघायला यायची. शकू श्वास धरायची आणि एका दमात पापणीची रेघ ओढायची. हात म्हणून हलायचा नाय.

कॉलेजला पेणला गेली आणि तिथं एनसीसीत रायफल हातात आली. त्या हाताची बातमी रोह्याच्या सुभेदाराच्या कानावर गेली. सुभेदार हैबतराव म्हणजे फौजेतून रिटायर झालेला गडी. नव्वद-एक्याण्णव साल असेल. रोह्याच्या पुलापलीकडं अष्टमी गावात एका बंद भातगिरणीच्या मागं मातीचा उंच बांध घालून त्यानं नेमबाजीचा क्लब काढला होता. क्लबाच्या लायसनवर पॉइंट टूटूची दोन पिस्तुलं होती. माणसं मारायची नव्हेत, कागदाला भोक पाडायची.

जिते स्टेशनातून पॅसेंजर धरून बापलेक रविवारी रोह्याला उतरले, पूल ओलांडून अष्टमीला गेले. टेबलावर दोन पिस्तुलं. एक जर्मन, काळंभोर, नवंकोरं. दुसरं जुनं, रंग उडालेलं. शकूनं जर्मनवर हात टाकला. कुणीही टाकला असता.

"डोळे मीट," सुभेदार म्हणाला. "हात उचल, निशाणावर धर. आता उघड. माशी कुठं हाय?"

नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत दिसायला हवी. ती पार एका कडेला गेली होती. शकूनं मनगट वळवून ती खाचेत आणली.

"आता आणलीस. पण दर गोळीला आणावी लागंल, मग मनगट दमंल. ठेव ते. हे घे."

जुनं घेतलं, डोळे मिटले, उघडले. माशी खाचेत.

"हे तुझं," सुभेदार म्हणाला. "मूठ तेवढी जाड हाय. बोटाचं टोकच लागतंय ट्रिगरला. पेराचा मध्य लागाया हवा."

"मूठ निघती का?" जनूनं विचारलं.

"स्क्रू काढले की निघती."

"मग लाकूड माझ्यावर सोडा."

पिस्तूल क्लबातनं बाहेर न्यायचं नाय, म्हणून जनूच दर रविवारी कानस आणि शिसवीचा तुकडा घेऊन गिरणीच्या पायरीवर बसायला लागला. लेकीच्या तळहाताला ओला गेरू लावायचा, मूठ धरायला सांगायचा. लाकडावर गेरू जिथं दाट उठला तिथं लाकूड टोचतंय, तिथं कानस मारायची. पुन्हा गेरू, पुन्हा कानस.

"लाटणं बसत नाय हातात, पिस्तूल बसवतोय बाप," घरी शकूची आई सीताबाई म्हणायची. म्हणायची आणि रविवारची भाकरी पहाटेच बांधून द्यायची.

गणपतीच्या आधीच मूठ झाली. सुभेदारानं धरून बघितली, त्याच्या पंजाला कुठंच बसेना. "जनू, ही दुसऱ्या कुणाच्या कामाची नाय रे," तो म्हणाला. जनूला ती शाबासकी वाटली. दिवाळीनंतर पुण्याला राज्याच्या संघाची निवड होती आणि सुभेदारानं शकूचं नाव दिलं होतं.

पालिश तेवढं राहिलं होतं. त्यासाठी जनूनं मूठ घरी आणली. श्रावणाचे दिवस, हवा ओली, पालिश वाळेना. मूर्ती वाळवायला शेगडी पेटवलेली होतीच. जनूनं मूठ शेगडीजवळ ठेवली आणि पालिश पुसलेलं थिनरचं फडकंही तिथंच टाकलं. कारखान्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, थिनर शेगडीजवळ आणायचं नाय. जनूला त्या दिवशी मुठीपुढं काय दिसत नव्हतं.

फडकं पेटलं. बाजूला रांगेनं मूर्ती, मागं थिनरचा डबा. शकूनं पेटतं फडकं उजव्या हातानं उचलून अंगणात पावसात फेकलं. घर वाचलं, मूर्ती वाचल्या, मूठही वाचली.

भाजलेल्या हाताच्या पाठीवरची कातडी भरून आली ती आवळूनच. तीन बोटं अर्धीमुर्धी मिटायची. ट्रिगरचं पहिलं बोट सरळच राहिलं.

  हात बरा झाल्यावर पहिल्याच रविवारी जनूनं कानसेऐवजी लाकडाचा भुसा आणि चिकटवायला सरस पिशवीत घातला.

"चल गो. हात बदलला, तर मूठ बदलू."

पायरीवर पुन्हा गेरू सुरू झाला. आता कमी करायचं नव्हतं, भर घालायची होती, मातीला घालतात तशी. जिथं गेरू उठत नाय तिथं हात पोचत नाय, तिथं भुसा-सरस. दिवाळी आली, गेली. पुण्याला शकूच्या जागी दुसरी मुलगी गेली. जनू भर घालत राहिला.

मग एका रविवारी गेरू सगळीकडं सारखा उठला.

सुभेदारानं पिस्तुलाला मूठ बसवली. शकूनं डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले.

"माशी?"

"खाचेत. मधोमध."

"मार मग."

हात उचललेलाच राहिला. हात हलला नाय, आखणीच्या वेळेला हलायचा नाय तसाच. बोट ट्रिगरच्या बाजूनं सरळ पडलेलं. शकूचा जबडा आवळला, खांदा आवळला, बोट काय वाकलं नाय. सुभेदारानं पुढं होऊन तिच्या हातातलं पिस्तूल सोडवून घेतलं.

"डाव्या हातानं मारणारे असतात," तो हळू म्हणाला.

"डाव्यानं मला रेघ ओढता येत नाय, सुभेदार."

जनू गेरूची वाटी घेऊन उभा होता.

"कुठं टोचतंय का गो?"

"नाय बाबा."

"अंगठ्याखाली?"

"कुठंच नाय. चोख बसली."

"मग झालं," जनू म्हणाला. वाटी पुसली, पिशवीत टाकली. सुभेदारानं स्क्रू काढून जुनी मूठ परत चढवली आणि ती नवी फडक्यात गुंडाळून जनूच्या हातात दिली. 

पुढच्या सालापासून आखणीला शेजारची सरू यायला लागली. शकू तिला रंग कालवून द्यायची, कुठली रेघ जाड झाली ते सांगायची. आखणीचे दिवस आले की जनू कारखान्यात थांबायचा नाय. इरलं घ्यायचा आणि पावसात शेताच्या बांधावर जाऊन बसायचा. सरू घरी गेली, हे कुणीतरी तिथं जाऊन सांगितल्याशिवाय उठायचा नाय.