भट्टीआधीचं माप

साचेबाईंनी स्वतःच्या सुनेला कारखान्यातून काढायला लावलं, अशी बातमी गल्लीत पसरली होती. सकाळी दुधाच्या दुकानापाशी ती निघाली आणि वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत सुनेची बॅगसुद्धा भरून झाली होती. बातमी चविष्ट होती, एवढीच तिची जमेची बाजू. खरं असं की, सुनेची नोकरी जाता जाता राहिली. आणि ती जायची पाळी आली, त्यात सासू-सुनेचा वाटा अगदी सारखा होता.

साचेबाई साचे करतात म्हणून साचेबाई. त्यांच्या कारखान्यात मुशी बनतात. मूस म्हणजे धातू वितळवायचा किंवा जहाल आम्ल उकळायचं लहानसं भांडं. कागदोपत्री या मुशीच्या मालाला ग्लासी कार्बन म्हणतात, तिथली माणसं नुसतं ‘काळी काच’ म्हणतात. दिसते काचच, तोंड बघून केस नीट करावेत इतकी चकचकीत. पण हातात घ्यावी तर हलकी, आणि तिच्यातून वीज खुशाल जाते. आम्ल ओता, ढिम्म. वितळलेलं सोनं ओता, चिकटणार नाही. खोड दोनच: आपटली की फुटते, आणि उघड्या हवेत फार तापली की जळून जाते.

ती करायची म्हणजे कृत्रिम राळ साच्यात ओतून कडक करायची आणि मग बंद भट्टीत, हवेचा वारा लागू न देता, दिवसचे दिवस हळूहळू तापवायची. राळेतलं बाकी सगळं वाफ होऊन निघून जातं, मागे राहतो निव्वळ कार्बन. या खटाटोपात भांडं चांगलं चौथ्या हिश्शाने आक्रसतं, म्हणून साचा आधीच मोठा धरावा लागतो. भिंत मात्र जाड ठेवून चालत नाही. आतल्या वाफेला वाट मिळाली नाही, तर मूस तडकलीच.

मोठं धरायची ही सवय साचेबाईंच्या अंगात इतकी मुरली होती की घरातही त्या सगळं मोठंच धरत. नातवाचा स्वेटर त्याच्या गुडघ्यापर्यंत यायचा. दिवाणखान्याचे पडदे त्यांनी शिवले तेव्हा ते वीतभर जमिनीवर लोळत होते. “धुतल्यावर आटतात,” साचेबाईंचा ठराविक खुलासा. पडदे धुवून झाले, वाळून झाले, आटले काही नाहीत. सून दोनदा अडखळली आणि एका सुट्टीच्या दिवशी, सासूबाई बाजारात गेलेल्या बघून, तिने कात्री घेतली.

झालं! घरात अबोला सुरू झाला. मुलगा बिचारा मधल्यामध्ये टपालखातं झाला. “तिला सांग, भाजीत मीठ नाही.” “आईंना सांग, मीठ त्यांच्याच हाताशी आहे.” मीठ तोच उचलून द्यायचा.

आता गंमत अशी, की सून त्याच कारखान्यात ड्रॉइंग काढायला लागली होती. नवी होती, अजून कायम झालेली नव्हती. तिथे पूर्वीपासून एक रीत आहे: ड्रॉइंग हातात देताना देणाऱ्याने तोंडाने सांगायचं, माप ‘भट्टीआधीचं’ की ‘भट्टीनंतरचं’, आणि घेणाऱ्याने तेच मोठ्याने परत म्हणायचं. कागदावर काहीही लिहिलेलं असो. बाहेरचा माणूस ऐकेल तर त्याला शाळेतली उजळणी चाललीय असं वाटेल.

अबोल्यात उजळणी कोण करणार? सुनेने नव्या मुशींचं ड्रॉइंग साचेबाईंच्या टेबलावर ठेवलं, वर दाब म्हणून एक पाना ठेवला आणि निघून गेली. सासूला त्रास नको म्हणून तिने आक्रसण्याचा हिशेब आधीच करून मोठी मापं लिहिली होती. साचेबाईंनी ती वाचली. भिंत जरा जाडच वाटली. विचारायला फक्त मधलं एक दार उघडायचं होतं. त्यांचा हात दाराच्या मुठीपर्यंत गेलासुद्धा. मग डोळ्यांसमोर ते कापलेले पडदे आले. हात मागे आला, आणि त्यांनी मापं नेहमीच्या हिशेबाने आणखी वाढवली.

भट्टी उघडली तेव्हा निम्म्याअधिक मुशी तडकलेल्या होत्या. धड होत्या त्या गिऱ्हाइकाने मापाला दिलेल्या लोखंडी कड्यात बसेनात. घासून कमी कराव्यात तर हिऱ्याच्या चाकाखेरीज दाद देत नाहीत, आणि त्या चाकाखालीही कडा उडतात. पुन्हा वितळवाव्यात म्हणावं तर हा माल वितळतच नाही. एकदा जे झालं ते झालं. साचेबाईंनी एक तडकलेला तुकडा उचलला. त्यात त्यांचं तोंड दिसत होतं आणि ते त्यांना त्या दिवशी मुळीच आवडलं नाही. पडदा पुन्हा शिवता येतो. पोरीची नोकरी गेली तर ती कुठल्या टाक्याने जोडायची?

मालकांनी दोघींना बोलावलं. “रीत काय आहे? देणाऱ्याने सांगायचं. म्हणजे चूक ड्रॉइंगवालीची. नव्या माणसाला मी ठेवू कशाला?”

“घेणाऱ्याने विचारायचं, हेही रीतीतच आहे,” साचेबाई म्हणाल्या. “मला शंका आली होती. मी विचारलं नाही.”

“आई, उगाच अंगावर घेऊ नका. कागद टाकून मी गेले.”

“अगं, मी काय तुझ्यावर उपकार करतेय? शंका मला आली होती की तुला?”

“पण सांगायचं मला होतं ना!”

“हो, आणि पडदे कापतानाही सांगायचं होतं!”

“ते आटणार नव्हते, आई! जन्मात आटणार नव्हते!”

मालक पडदे कुठून आले म्हणून छताकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, “गिऱ्हाईक थांबायला तयार आहे. नवी भट्टी लावा. मुशी कड्यात बसल्या तर ही राहील, नाहीतर नाही.”

नव्या साच्यांच्या वेळी ‘भट्टीआधीचं, भट्टीआधीचं’ हा गजर बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. भट्टी निवत असताना सुनेचा धीर सुटला. “आई, जरासं उघडून बघूया का?”

“उघड. हवा शिरली की तुझी नोकरी आतच जळेल.”

भट्टी बंदच राहिली. नखं मात्र दोघींनी खाल्ली. भट्टी पुरती गार झाल्यावर साचेबाईंनी पहिली मूस काढून सुनेच्या हातात दिली; स्वतः कड्यात ठेवायचं धाडस त्यांना होईना. मूस ‘टिंग’ करून कड्यात बसली. मग दुसरी, तिसरी. सून तिथेच स्टुलावर बसून रडली, आणि साचेबाई तिला “अगं, मालावर पाणी पाडू नकोस” म्हणत पदराने स्वतःचेच डोळे पुसत राहिल्या.

बातमीवाल्या शेजारणीला हा शेवट अर्थातच पचेना. तिने साचेबाईंना जिन्यातच गाठलं. “काय हो, सुनेशी गोडीगुलाबी झाली म्हणे? भांडण मिटलं वाटतं?”

“मिटतंय कशाला? भांडतो की रोज. फक्त आता तोंडाने भांडतो.”